लॅपटॉपच्या कडेवरचे पोर्ट आणि भाग: हात लावण्याआधी नजरेने कसे ओळखावेत

परभणीतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात दिवसातून एकदा तरी असा फोन येतोच: “सर, लॅपटॉपची पिन बसंना.” फोन जिंतूरच्या पुढच्या एखाद्या गावातून असतो, बोलणारे कधी शाळेतले गुरुजी असतात तर कधी ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, आणि ‘पिन’ म्हणजे नेमके काय हे विचारण्यातच पुढची दहा मिनिटे जातात. आपल्याकडे चार्जरचे टोकही पिनच, हेडफोनचेही पिनच आणि प्रोजेक्टरच्या वायरीचेही पिनच. नाव नीट सांगता आले तर निम्म्या तक्रारी फोनवरच मिटतात. नाही आले, तर जिंतूर ते परभणी असा सुमारे ४० किलोमीटरचा एसटीचा फेरा पडतो आणि लॅपटॉपला काहीच झालेले नसते. म्हणून पुढचे मार्गदर्शन लॅपटॉप उघडण्याचे नाही, तो बाहेरून वाचण्याचे आहे.

पाहण्याची सुरुवात लॅपटॉप बंद करून, झाकण मिटवून आणि उजेडात बसून करावी. बिजागरीची बाजू आपल्यापासून दूर ठेवावी, म्हणजे डावी कड आणि उजवी कड याबद्दल फोनवर गोंधळ होत नाही. मोबाइलची बॅटरी तिरपी धरून प्रत्येक खाचेच्या आत पाहावे, कारण खाचेची ओळख तिच्या बाहेरच्या आकाराइतकीच आतल्या पट्टीवरून होते. बोटाने चाचपून किंवा अंदाजाने वायर खुपसून पाहणे ही वाईट सवय आहे. आमच्याकडे येणाऱ्या मोडक्या पोर्टांपैकी, म्हणजे वायर लावायच्या या खाचांपैकी, बहुतेक जोर लावल्याने मोडलेले असतात, जुनेपणाने नव्हे.

पहिले पाहावे ते चार्जिंगचे भोक. ते बहुधा गोल असते, आत मधोमध एक बारीक काडी दिसते, आणि त्याच्या शेजारी बहुधा प्लगचे चिन्ह किंवा छोटा दिवा असतो. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये ही मधली काडी वीज देण्यासाठी नसून चार्जरची ओळख पटवण्यासाठी असते, आणि ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी भरत नाही. अशा वेळी लोक बॅटरी बदलायला निघतात. त्याआधी चार्जरचे टोक डोळ्यांजवळ धरून आतली काडी सरळ उभी आहे का, एवढे पाहावे.

दुसऱ्याचा चार्जर लावण्याचा मोह बाजारपेठेच्या गावापासून दूर राहणाऱ्यांना फार होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरी लावण्यापूर्वी चार्जरच्या डब्यावरचा मजकूर वाचावा. तिथे ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते, ते भिंतीकडच्या बाजूचे असल्यामुळे आपल्या कामाचे नाही. कामाची ओळ ‘आउटपुट’ची. उदाहरणार्थ १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर, म्हणजे दोन्हींचा गुणाकार करून ६५ वॉट. व्होल्टचा आकडा आपल्या लॅपटॉपच्या मूळ चार्जरइतकाच हवा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. त्याच स्टिकरवर दोन बाजूंना अधिक-उणे आणि मध्ये गोल अशी एक छोटी आकृती असते. तिच्यात धन बाजू आतल्या काडीला आहे की बाहेरच्या नळीला हे दाखवलेले असते, आणि तीही जुळली पाहिजे. टोक भोकात बसले म्हणजे चार्जर जुळला असे होत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती आपल्याकडच्या घरांत वारंवार आढळते. लॅपटॉपचे अंग धातूचे असेल आणि चार्जर लावल्यावर मनगटाला बारीक झिणझिण्या जाणवत असतील, तर दोष बहुतेक वेळा लॅपटॉपचा नसून घराच्या अर्थिंगचा असतो. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह बाहेर झिरपतो; तिसऱ्या पिनेला खरी अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर अंगाला लागतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून, किंवा जाड पिन सरळ मोडून काढून, चालवलेले चार्जर मी आठवड्याला एखादे तरी पाहतो. ती पिन मोडू नये, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावी. चार्जरची वायर सोललेली असेल किंवा झटका जोरात बसत असेल, तर मात्र तो चार्जर लगेच बाजूला काढावा.

चार्जिंगच्या भोकाशेजारी चौकोनी, चपट्या खाचा दिसतात, त्या यूएसबीच्या. ही पद्धत १९९६ साली आली आणि तिचे जुने रुंद रूप आजही पेन ड्राइव्ह, माउस आणि प्रिंटरसाठी चालते. हिला टाइप-ए म्हणतात. आतल्या पट्टीचा रंग पाहावा: काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा जुनी २.० पद्धत, निळी असेल तर ३.० किंवा पुढची. जुनीचा वेग सेकंदाला कमाल ४८० मेगाबिट, २००८ मध्ये आलेल्या ३.० चा ५ गिगाबिट, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकताना निळ्या खाचेत लावले तर चहा होईपर्यंत काम आटोपते आणि काळ्या खाचेत जेवण होऊन जाते. सगळ्या कंपन्या रंगाचा नियम पाळत नाहीत, म्हणून शेजारी ‘एसएस’ अशी अक्षरे आहेत का तेही पाहावे. ती वेगवान पोर्टाची खूण आहे. खाचेशेजारी बॅटरीचे किंवा विजेचे चिन्ह असेल, तर बहुधा लॅपटॉप बंद असतानाही त्या खाचेतून मोबाइल चार्ज होतो. लाइट गेल्यावर ही माहिती उपयोगी पडते.

यूएसबीशी हमखास गल्लत होते ती लॅनच्या, म्हणजे इंटरनेटची वायर लावायच्या, पोर्टाची. गेल्या पावसाळ्यात एक गुरुजी लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, पेन ड्राइव्ह दिसत नाही. मी कड पाहिली तर पेन ड्राइव्ह लॅनच्या चौकोनी भोकात अगदी घट्ट बसवलेला होता. यात गुरुजींची चूक म्हणावी तर फार थोडी, कारण यूएसबीच्या टोकाची रुंदी १२ मिलिमीटर आणि लॅनच्या भोकाची रुंदीही जवळपास तेवढीच असते. अंधारात हात मागे नेऊन लावले की ते बसते आणि हाताला काहीच खटकत नाही. फरक उंचीत आहे. लॅनचे भोक जवळजवळ चौरस असते, आत सोनेरी रंगाच्या आठ बारीक तारा ओळीने दिसतात आणि एका बाजूला क्लिप अडकण्यासाठी खोबण असते. त्या तारा वाकल्या की नेट जाते, आणि गुरुजींच्या दोन तारा वाकल्याच होत्या. ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची इंटरनेटची फायबर आली असेल, तर तिच्या डब्यातून लॅपटॉपपर्यंत येणारी वायर याच पोर्टात लागते. ती नीट बसली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि बहुतेक लॅपटॉपवर पोर्टाजवळचे हिरवे-पिवळे दिवे लागतात. दिवेच लागत नसतील तर आधी वायर बदलून पाहावी, मग नेटवाल्याला फोन करावा. पातळ लॅपटॉपवर हे पोर्ट खालचा जबडा उघडून मोठे करावे लागते, आणि कित्येकांवर ते मुळातच नसते.

आता टाइप-सी. ही लहान, दोन्ही टोकांना गोलसर, लांबट खाच असून तिचा आराखडा २०१४ मध्ये ठरला. आत २४ संपर्कबिंदू असतात आणि वायर उलट-सुलट कशीही लागते. आकार एकच असल्यामुळे लोकांना वाटते की सगळ्या टाइप-सी सारख्या. तसे नाही, आणि नव्या लॅपटॉपबाबतचे सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. एखादी टाइप-सी नुसती फाइली नेण्यापुरती असते, दुसरी लॅपटॉपला चार्जही करते, तिसरी पडद्याचे चित्रही बाहेर देते, आणि एकाच लॅपटॉपवर शेजारी शेजारी असलेल्या दोन खाचांची कामे वेगळी असू शकतात. ओळखण्यासाठी चिन्ह पाहावे. प्लग किंवा बॅटरीचे चिन्ह असेल तर चार्जिंग. इंग्रजी डी आणि पी ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतील तर चित्र. बाणासारखे टोक असलेल्या विजेची खूण असेल तर थंडरबोल्ट, ज्यात चित्र, फाइली आणि बहुधा चार्जिंग असे सगळेच चालते. काहीच चिन्ह नसेल तर लॅपटॉपसोबत आलेले पत्रक किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचे त्या मॉडेलचे पान पाहण्यावाचून मार्ग नाही.

मोबाइलचा चार्जर टाइप-सीत लावून “चार्ज होईना” अशी तक्रार करणाऱ्यांनी वॉटचा हिशेब आठवावा. साध्या मोबाइल चार्जरमधून १०-१८ वॉट मिळतात आणि लॅपटॉपला बहुधा ४५ किंवा ६५ लागतात. बोअरच्या मोटारीला घरातल्या पंख्याची वायर जोडल्यासारखे ते होते. टाइप-सीमधून सुरुवातीला १०० वॉटपर्यंत वीज देण्याची सोय होती, २०२१ मध्ये ती मर्यादा २४० वॉटवर नेली गेली, आणि त्यामुळे नव्या लॅपटॉपवरून गोल भोक हळूहळू नाहीसे होत चालले आहे. तुमच्या लॅपटॉपवर गोल भोक सापडलेच नाही तर घाबरू नये. चार्जिंग बहुधा टाइप-सीतूनच आहे असे समजावे.

शाळांसाठी महत्त्वाचे पोर्ट म्हणजे चित्राचे. एचडीएमआयची खाच टाइप-एपेक्षा थोडी रुंद असते आणि तिचे खालचे दोन्ही कोपरे आत वळलेले असतात. एकच कोपरा कापलेला असेल तर ते डिस्प्लेपोर्ट, आणि एचडीएमआयची वायर त्यात जाणार नाही. वर्गातला प्रोजेक्टर जुना असेल तर त्याच्या मागे बहुधा निळे, १५ छिद्रांचे, तीन ओळींचे आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असलेले व्हीजीए असते. ही १९८७ ची पद्धत असून नव्या लॅपटॉपवर ती जवळपास राहिलेली नाही. मग जोडणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो मागताना दिशा सांगावी लागते: लॅपटॉपकडून एचडीएमआय, प्रोजेक्टरकडे व्हीजीए. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला तसाच असतो, पण तो लावून काहीही दिसत नाही. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्यामुळे स्पीकरची वायर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात वेगळी लावावी. सगळे जोडूनही भिंतीवर चित्र आले नाही तर विंडोजचे बटण दाबून धरून पी दाबावे आणि ‘डुप्लिकेट’ निवडावे; यात पोर्टाचा काही दोष नसतो.

हेडफोनचे भोक गोल आणि ३.५ मिलिमीटरचे असते. चार्जिंगचे गोल भोक आणि हे यांत फरक एवढाच की याच्या मध्ये काडी नसते. अरुंद, लांबट, जवळजवळ रिकामी दिसणारी फट मेमरी कार्डाची. कडेला ७ मिलिमीटर लांबीची एक छोटी आयताकृती खाच असते आणि तिच्या आत काहीच नसते. ती साखळीकुलूप अडकवण्यासाठी असून तिच्यात काडी घालून काहीही चालू होत नाही.

झाकण उघडल्यावर वर मधोमध कॅमेरा दिसतो. त्याच्यावर सरकती पट्टी असेल आणि ती लागलेली असेल तर ऑनलाइन बैठकीत तुमच्या जागी नुसता काळोख दिसतो. यासाठीही लोक लॅपटॉप घेऊन दुकानात आलेले आहेत. कॅमेऱ्याशेजारची सुईच्या टोकाएवढी छिद्रे माइकची असतात, त्यांत टाचणी घालू नये. कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर छोटे उंचवटे असतात, ते न पाहता टंकताना बोटांची जागा सापडावी म्हणून.

शेवटी लॅपटॉप उलटा करावा. तळाला जाळी दिसते, तिथून पंखा हवा आत ओढतो, आणि कडेच्या किंवा बिजागरीजवळच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते. कोणती जाळी कशाची हे लॅपटॉप चालू करून हात जवळ धरला की कळते. चार कोपऱ्यांतले रबरी पाय त्या हवेसाठी फट ठेवतात. गोधडीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवला की ती फट बुजते, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेरच पारा ४२-४३ अंशांवर असताना आत काय होत असेल हे सांगायला नको. त्याहून मोठा शत्रू कापूस आहे. भाव वाढेल म्हणून ज्यांच्या घरात वेचणीचा कापूस छतापर्यंत भरून ठेवलेला असतो, त्यांच्या लॅपटॉपच्या जाळीतून मी चिमट्याने अक्षरशः वातीएवढे तंतू ओढून काढले आहेत. बाहेरून मऊ ब्रशने जाळी झाडावी, तीही लॅपटॉप बंद असताना. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आत जातो.

तळालाच एक स्टिकर असतो, ज्यावर मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक छापलेला असतो. जुन्या, निघणाऱ्या बॅटरीच्या लॅपटॉपवर तो बॅटरी काढल्यावर दिसतो. त्याचा, तसेच डाव्या आणि उजव्या कडेचा असे तीन फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावेत आणि दुकानात फोन करण्यापूर्वी पाठवावेत, म्हणजे “चार्जिंगपासून दुसरी खाच” असे सांगितले तरी पुरते. हे काम नवा असतानाच करावे, कारण दोन-तीन उन्हाळ्यांत मांडीवरच्या घामाने आणि घासण्याने स्टिकरवरचे आकडे पुसले जातात. मग मॉडेल पाहण्यासाठी लॅपटॉप चालू करावा लागतो, आणि आमच्याकडे येणारे निम्मे लॅपटॉप चालू होत नाहीत म्हणूनच आलेले असतात.