खासगी खारबांधाला मदत हवी असेल तर पावसाआधी काय काय करून ठेवावं

समुद्राचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला खांड गेली, म्हणजे तो मधेच फुटला, की सगळं गाव धावतं ते पाणी अडवायला. ते बरोबरच आहे. पण दोन दिवसांनी तहसील कचेरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, "बांध कोणाचा?" आणि तिथेच पेण-अलिबागच्या खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, गावं अडकतात. बांध खारभूमी खात्याच्या योजनेतला असेल तर दुरुस्ती खात्याकडे. खासगी असेल, म्हणजे आज्या-पणज्यांनी एकत्र येऊन घातलेला आणि आजही शेतकऱ्यांनीच राखलेला, तर त्याच्या नावाने ठरलेला निधी सहसा कोणाकडेच नसतो. याचा अर्थ मदत मिळत नाही असा नाही. ती थोडी ग्रामपंचायतीकडून, थोडी रोजगार हमीतून, थोडी महसूलकडून अशी तुकड्यातुकड्यांनी येते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद लागतो. शेतात खारं पाणी उभं असताना हे कागद गोळा होत नाहीत. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पुढच्या वर्षी तौक्ते तर मे महिन्यातच किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा "जूनमध्ये बघू" असं म्हणून भागत नाही. तयारी एप्रिलमध्येच सुरू व्हायला हवी.

सुरुवात त्याच पहिल्या प्रश्नापासून करा. पेणच्या खारभूमी विकास विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना लेखी अर्ज द्या: आमच्या गावचा अमुक ते अमुक गटांलगतचा बांध कोणत्याही योजनेत समाविष्ट आहे का? उत्तर लेखीच मागा. अर्जाची पोच घ्या आणि उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तेच विचारा. तिथे ३० दिवसांची मुदत आहे. मुंबई प्रांताचा खार जमिनींचा कायदा १९४८ चा, त्यानंतर महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा १९७९ चा. इतक्या वर्षांत कोणता बांध योजनेत गेला आणि कोणता बाहेर राहिला, हे गावातल्या जाणत्यांच्या आठवणीवर सोडून चालत नाही. बांध योजनेत निघाला तर निम्मं काम झालं. नाही निघाला तर तसं सांगणारा कागद हाती येतो, आणि मग "आधी खारभूमीकडे जा" म्हणून तुम्हाला कोणी परत पाठवू शकत नाही.

मग बांधाखालच्या जमिनीचे कागद. कोणत्या गटातून बांध जातो, उघाडी (बांधातली पाणी बाहेर सोडायची झडपेची वाट) कोणाच्या हद्दीत आहे, बांधामागे किती जणांची किती एकर भातशेती आहे, हे गटनकाशावर रंगवून घ्या. प्रत्येकाचा सातबारा आणि आठ-अ काढा. खरी अडचण सह्यांची असते. सातबाऱ्यावर आठ नावं, त्यातली तीन मयत, चार मुंबईला, वारसनोंद झालेलीच नाही. मे महिन्याच्या सुट्टीत माणसं गावाला येतात तेव्हाच संमतीपत्रावर सह्या घ्या आणि वारसनोंदीचे अर्जही टाकून द्या. संमती साधी असावी: बांधाच्या दुरुस्तीसाठी माझ्या हद्दीत माती टाकायला, यंत्र न्यायला आणि सरकारी खर्चाने काम करायला हरकत नाही. एका जरी खातेदाराने पुढे हरकत घेतली तरी अख्ख्या बांधाचं काम थांबतं. फार्मर आयडी आणि आधारशी जोडलेलं बँक खातं याच बैठकीत तपासा.

आता बांध स्वतः. ओहोटीला, पाणी पूर्ण उतरल्यावर, बाहेरच्या अंगाने चालत जा. वरून बघून काही कळत नाही. खांड एका रात्रीत जात असली तरी तिची सुरुवात बहुतेक वेळा खेकड्यांच्या आणि घुशींच्या बिळांपासून होते. बाहेरून बोटभर दिसणारं भोक आतून हातभर पोकळ असतं. काठी घालून बघा. मग भरतीच्या वेळी आतल्या अंगाने फिरा. उतारावर एखादी जागा ओली दिसली आणि तिथलं पाणी जिभेला खारट लागलं, तर तिथून पाझर सुरू झालेला आहे. तिथे खूण म्हणून खुंटी ठोका. उघाडीची झडप ओहोटीला आपोआप उघडते का आणि भरतीला घट्ट बसते का, हे दोन्ही वेळी उभं राहून पाहा. झडपेत ओंडका किंवा प्लास्टिक अडकलं असेल तर पावसाचं पाणी आत तुंबतं आणि मग बांधावर दोन्ही बाजूंनी दाब येतो. दर पन्नास मीटरवर फोटो काढा, तारीख आणि ठिकाण उमटेल असे. वादळाआधी बांध धड होता याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसतो, आणि "मुळातच पडीक होता" या एका शेऱ्याने अर्ज मागे पडतो.

ग्रामपंचायतीकडून काही हवं असेल तर १ मेची ग्रामसभा चुकवू नका. २६ जानेवारीला विषय मांडला असेल तर फारच चांगलं. ठरावाची भाषा नीट जमली पाहिजे. "शेतकऱ्यांचा खासगी बांध दुरुस्त करावा" असा ठराव केला तर खासगी मालमत्तेवर सार्वजनिक पैसा कसा खर्च करायचा, असा प्रश्न वर कोणीतरी विचारणारच, आणि त्याचं विचारणं चुकीचं नाही. म्हणून बांधामागे गावाचं काय काय आहे ते ठरावात नावानिशी लिहा: वाडीचा रस्ता, पिण्याच्या पाण्याची विहीर, अंगणवाडी, स्मशानाची वाट, किती घरांच्या जोत्याला पाणी लागतं. आपत्तीनंतरचा दुरुस्ती निधी आणि वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाचं बंधन नसलेला) निधी हे दोन्ही अशा सार्वजनिक मत्तांकडे बघून खर्च होतात. त्याच ठरावात बांधाचं मातीकाम रोजगार हमीच्या कामांच्या यादीत घ्यावं आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्याचा समावेश करावा, असंही लिहा. मागणी करणाऱ्या मजुरांची नावनोंदणी आणि जॉबकार्ड आधीच हवीत. कामाला मंजुरी आहे पण मजूर नोंदलेले नाहीत, अशी वेळ येऊ देऊ नका. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि तहसीलदार, गटविकास अधिकारी व खारभूमी कार्यालय तिघांकडे पोच घेऊन द्या.

सामानाची जुळवाजुळव गावाला शिकवायला नको. रिकाम्या गोण्या, सुंभ, बांबू, खुंटे, पेंढा आणि चिकणमातीचा साठा बांधाजवळ उंचावर हवा, ताडपत्रीने झाकलेला. पंचांगही जवळ ठेवा. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावस्येनंतर दोन-तीन दिवस राहतो आणि खांड बुजवायला सर्वांत बरे दिवस भांगाचे, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासचे. यंत्र आणायचं असेल तर याच दिवसांसाठी सांगून ठेवा. ठेकेदाराला तिथी कळत नाही. ती तुम्हीच सांगायची.

यंत्र आणि माती यांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. कांदळवनाला, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीला, हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडायला राज्यभर बंदी आहे आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव धरला आहे. बाहेरच्या अंगाला झाडं उभी असतील तर तिथली माती उचलणं, वाट करायला फांद्या तोडणं, यांतून गुन्हा दाखल होतो आणि मदतीचा विषय बाजूलाच पडतो. शिवाय लाटांचा मार बांधाआधी तीच झाडं खातात. खारं पाणी अडवणाऱ्या रचनांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत जागा आहे, पण परवानगी घेऊनच. म्हणून कांदळवन कक्षाच्या अधिकाऱ्यांना एप्रिल-मेमध्येच जागेवर बोलवा, माती कुठून घेणार ते दाखवा आणि त्यांचं म्हणणं लेखी घ्या.

इतकं करूनही खांड गेलीच, तर १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या क्रमांकावर लगेच कळवा आणि वेळ लिहून ठेवा. त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना लेखी कळवा, मोबाइलवर फोटोही पाठवा. खांडीची लांबी, रुंदी आणि खोली दोरीने मोजा, कारण पुढच्या भरतीला ती दुप्पट झालेली असते. पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत अशा तिघांच्या उपस्थितीत होतो. त्या वेळी हजर राहा आणि कारणाचा रकाना सही करण्याआधी वाचा. तिथे नुसतं "बांध फुटल्याने नुकसान" एवढंच लिहिलं गेलं तर ती नैसर्गिक आपत्ती वाटतच नाही. चक्रीवादळ आणि पूर केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहेत. समुद्राचं उधाण आणि अतिवृष्टी महाराष्ट्राने राज्याच्या यादीत घातलेली आहे. खरोखर जे घडलं ते पूर्ण लिहायला लावा: अमुक तारखेला, अमुक वाजताच्या भरतीला, समुद्राच्या उधाणामुळे बांधाला खांड जाऊन खारं पाणी शेतात शिरलं. महसूल मंडळातला त्या दिवसाचा पाऊस २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला असेल तर तेही.

पैशांचा अंदाज आधीच असलेला बरा, म्हणजे भलत्या आशेवर कर्ज काढलं जात नाही. २०२५-२६ पर्यंतच्या आपत्ती निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० आणि मत्स्यतळ्याच्या दुरुस्तीलाही तेवढेच. जिताड्याचं तळं असेल तर त्याची नोंद वेगळी करून घ्या. भातशेतीच्या पंचनाम्यात ते हरवतं. पीक नुकसानीला दोन हेक्टरची मर्यादा होती. नवा दर कोणता हे तहसील कचेरीत विचारून घ्या. जमिनीत मीठ मुरून पुढची दोन-तीन पिकं जातात, त्या नुकसानीसाठी मात्र या निकषांत वेगळी ओळच नाही. ही मोठी उणीव आहे आणि प्रत्येक अर्जात ती लिहीत राहिलं पाहिजे. त्यासाठी मातीची क्षारता मोजलेला अहवाल जोडा: खांड जाण्याआधीचा एक, पाणी ओसरल्यानंतरचा एक.

माती परीक्षणाचा पहिला नमुना म्हणूनच मे महिन्यात द्यायचा आहे. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल १, २, ३ या भाताच्या जाती तिथल्याच. थोडं बियाणं राखून ठेवा. खांड जुलैच्या मध्याआधी बुजली आणि नंतर चांगला पाऊस होऊन मीठ धुऊन गेलं, तर दुसऱ्यांदा रोप टाकायला ते लागेल.