ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या फायली इतरांच्या नजरेपासून कशा जपाव्यात

आधी एक ठरवा, फाइल नेमकी कोणापासून जपायची आहे? शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यापासून जपायची असेल तर उपाय बरेच आहेत. कंपनीपासून जपायची असेल तर खात्रीचा उपाय एकच, ती त्या मशीनवर ठेवूच नका. ॲडमिनचे हक्क आयटीवाल्यांकडे असतात, त्यामुळे तुमचा पासवर्ड न विचारताही ते तुमचा फोल्डर उघडू शकतात. फोल्डर 'हिडन' करणं हा तर निव्वळ पोरखेळ आहे.

नाव बदलूनही भागत नाही. फ्रान्समधल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या डी ड्राइव्हला 'वैयक्तिक डेटा' असं नाव दिलं होतं. तरी तो उघडला गेला, नोकरी गेली आणि 2018 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्याच्या विरोधातच निकाल दिला.

पायरी 1: खासगी फायली हलवा

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तीन फोल्डर चाळा. सगळ्यात जास्त गाळ डाउनलोड्समध्ये सापडतो: प्रिंट काढायला उतरवलेलं बँक स्टेटमेंट, पासपोर्टचा स्कॅन, रक्ततपासणीचा रिपोर्ट. पेन ड्राइव्ह लावण्याआधी मात्र कंपनीचे नियम वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी यूएसबी जोडल्याची नोंद होते. कामाची एकही फाइल चुकून सोबत जाऊ देऊ नका, नाहीतर भलताच आरोप अंगाशी येईल.

फाइलशेजारी निळा ढग किंवा हिरवी टिक दिसते का? दिसत असेल तर तिची प्रत बहुधा कंपनीच्या वनड्राइव्हवरही, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतही आहे. अशी फाइल डिलीट केली तरी तिथल्या रीसायकल बिनमध्ये ती 93 दिवसांपर्यंत राहू शकते. कंपनीचे बॅकअप असतील तर ते वेगळेच.

पायरी 2: ब्राउझर तपासा

ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं खातं उघडून सिंक चालू ठेवलं, की घरचे पासवर्डही तिथे येऊन बसतात. सिंक बंद करा, सेव्ह झालेले पासवर्ड काढा आणि लॉगआउट व्हा. इनकॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी मोडवर विसंबू नका, तो कंपनीच्या नेटवर्कपासून काही लपवत नाही.

पायरी 3: कामाच्या गोपनीय फायलींना खरं कुलूप लावा

पगाराची एक्सेल शीट घ्या. त्यातला कॉलम 'हाइड' करून किंवा 'प्रोटेक्ट शीट' लावून ती बिनधास्त मेल करणारे कमी नाहीत. प्रोटेक्ट शीटने बदल अडतात, आकडे गुप्त होत नाहीत. त्यासाठी फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड या वाटेने जा. वर्डमध्येही हीच सोय आहे. पासवर्ड फाइलसोबतच्या मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. तो विसरलात तर फाइल गेल्यातच जमा, म्हणून वरिष्ठांपैकी एकाकडे तो असू द्या.

बऱ्याच फायली एकत्र पाठवायच्या असतील तर सेव्हन-झिप हे फायलींचा एकच गठ्ठा बांधणारं सॉफ्टवेअर वापरा. फॉरमॅट सेव्हन-झेड निवडा आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' वर टिक करा. ती टिक करायची राहून गेली तर आतला मजकूर बंद राहतो, पण 'बडतर्फीचा मसुदा' हे नाव कोणालाही वाचता येतं!

वनड्राइव्हवरून शेअर केलेल्या लिंकाही उघडून पाहा. मॅनेज ॲक्सेसमध्ये गेलं की जुन्या प्रोजेक्टवरची माणसं अजून यादीत दिसतात. लिंक असलेल्या कोणालाही फाइल उघडते, अशी परवानगी दिसली तर ती आधी काढा.

पायरी 4: उठताना स्क्रीन लॉक

विंडोजवर विंडोज आणि एल, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू या कळा एकत्र दाबा. मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त हवी ती विंडो शेअर करा.

नोकरी सोडताना

राजीनामा दिल्याच्या दिवशीच लॉगिन बंद होऊ शकतं, म्हणून पहिल्या दोन पायऱ्या आजच उरका. लॅपटॉप परत करताना स्वतःहून फॉरमॅट मारू नका. कामाच्या फायली पुसल्याचा ठपका येऊ शकतो. खासगी काही राहून गेलं असेल तर आयटीला लेखी कळवा आणि त्यांच्याकडूनच काढून घ्या.