शाब्दिक उदाहरणे शिकवताना: नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग हाती आला की नव्या शिक्षकाला एक गोष्ट लगेच जाणवते. हातच्याची बेरीज बिनचूक करणारे मूलही शाब्दिक उदाहरण फळ्यावर येताच, ते पुरते न वाचता, ‘बाई, बेरीज करायची का वजाबाकी?’ असे विचारते. सांगली जिल्ह्यात शिकवताना माझे ठाम मत झाले आहे की याचे उत्तर शिक्षकाने देऊ नये, कारण कोणती क्रिया करायची हे ठरवण्यातच खरे गणित असते आणि तेच आपण सांगून टाकले तर मुलाच्या वाट्याला नुसती आकडेमोड येते.

‘एकूण म्हटले की बेरीज, उरले म्हटले की वजाबाकी’ ही युक्ती सर्रास शिकवली जाते आणि पुढे तीच घात करते. ‘आजीने मेथीच्या 8 जुड्या विकल्या, आता 15 उरल्या, तर सकाळी तिने किती आणल्या होत्या?’ हे उदाहरण देऊन पाहावे. ‘उरल्या’ वाचताच बरीच मुले 15 मधून 8 वजा करून 7 लिहितात. अशा वेळी मी वह्या मिटायला लावते, एका मुलीला आजी करते आणि खडूच्या तुकड्यांच्या जुड्या मांडते. विकलेल्या जुड्या गिऱ्हाइकाच्या हातात आणि उरलेल्या टोपलीत दिसल्या की सकाळचा हिशोब लावायला दोन्ही एकत्र कराव्या लागतात, हे मुलेच बोलून दाखवतात. त्यानंतरच 8 + 15 = 23 ही मांडणी वहीत उतरते.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने 1945 मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि उत्तर पुन्हा तपासणे. आपली तासिका बहुधा तिसऱ्या पायरीवरच संपते. पहिल्या पायरीसाठी पुस्तक मिटून उदाहरण स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. जत तालुक्यात अनेक मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते; तिथे मूल आधी कन्नडमध्ये सांगू पाहत असेल, तर त्याला अवश्य सांगू द्यावे.

चौथ्या पायरीसाठी सहलीचे उदाहरण उत्तम. औदुंबरला 38 मुलांना न्यायचे आहे, एका जीपमध्ये 9 मुले बसतात, तर किती जीप लागतील? मुले ‘4 जीप, बाकी 2’ असे लिहून मोकळी होतात. ‘मग त्या दोघांनी घरीच राहायचे का?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. कोणी पाचवी जीप मागवते, कोणी दोघांना दाटीवाटीने बसवू म्हणते. कारण दिले असेल तर तेही ऐकून घ्यावे.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत वेगाचा दबाव येतोच. तरीही या वयात तासिकेला दोन उदाहरणे पुरेशी आहेत, आणि आठवड्यातून एकदा उत्तर आपण देऊन त्यावर उदाहरण मुलांकडून तयार करून घ्यावे. ‘उत्तर 23 येईल आणि त्यात उरले हा शब्द असेल’ एवढी अट घातली, तरी कोणाला किती समजले आहे ते वह्या तपासताना कळते.