पांढऱ्या स्पोर्ट्स कारवरचे नारिंगी ठिपके: माझा अनुभव

दोन दारांची पांढरी गाडी, भुसावळला रेल्वे यार्डालगत कित्येक उन्हाळे उघड्यावर उभी. रंग खडूसारखा निस्तेज, बॉनेटवर बारीक नारिंगी ठिपके, हात फिरवला की खरखर. शाम्पू, रबिंग कंपाउंड, रॉकेलचा बोळा, सगळं झालं. ठिपके पुन्हा हजर. अक्षरशः वैताग आला.

हा पत्र्याचा गंज नव्हेच. रेल्वेच्या चाकांचे, रुळांचे लोखंडी कण रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. घासलं की फक्त टोकं उडतात.

सकाळी सावलीत, पत्रा गार असताना गाडी धुऊन पुसली. मग आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारं द्रावण) फवारला. थोड्याच मिनिटांत ठिपक्यांतून जांभळे ओघळ सुटतात. वास सडक्या अंड्यांचा, हातमोजे हवेतच. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं. उरलेली खरखर क्ले बारने (मळलेल्या मातीसारखी मऊ वडी) काढली, शाम्पूचं पाणी शिंपडत, दाब न देता, सरळ रेषेत. क्ले जमिनीवर पडली तर फेकायची, किंमत आठवायची नाही.

पॉलिशआधी कोपऱ्यात काळ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन चाचणी: रंगावर क्लिअर कोट (पारदर्शक थर) आहे का. पॉलिश रंगीत घ्या, नाहीतर काय उतरलं ते कळत नाही. माझं कापड पांढरं झालं, म्हणजे वर क्लिअर कोट नाही, थेट रंगच निघतोय. म्हणून कडांना मास्किंग टेप, डीए मशीनवर (फिरता फिरता हलणारं पॉलिशिंग मशीन) मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश. शेवटी सीलंट, म्हणजे रंगावर संरक्षक थर.

बोअरचं पाणी वापरत असाल तर प्रत्येक धुण्यानंतर लगेच मायक्रोफायबरने टिपा. खान्देशी उन्हात क्षारांचे डाग बसायला वेळ लागत नाही.