जुना लाव्हा लॅम्प पुन्हा सुरू करताना

कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेला लाव्हा लॅम्प (खालच्या बल्बच्या उष्णतेने बाटलीतल्या पाण्यात मेणाचे गोळे वर-खाली होतात, तो शोभेचा दिवा) लावला आणि मेण तळाशी नुसतं घट्ट बसून राहिलं, तरी तो फेकून देऊ नका. आधी वायर कडक होऊन कुठे तडकली नाही ना, ते पाहा. तडकली असेल तर ती बदलल्याशिवाय प्लग लावायचाच नाही. मग बल्ब, आणि सगळी मेख इथेच आहे. या दिव्याला उजेडापेक्षा उष्णता हवी, त्यामुळे एलईडी बल्ब अजिबात चालत नाही. बुडाच्या लेबलवर जितके वॅट लिहिलेत, तितक्याच वॅटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब लावा. बऱ्याच लॅम्पना २५ किंवा ४० वॅटचा लागतो.

आता खरंच धीर धरा. पहिल्यांदा मेण वितळायला ३-४ तास सहज जातात, खोली गार असेल तर जास्तच. तोवर बाटली हलवू नका. गरम असताना हिसळली की मेणाचे कण पाण्यात मिसळून ते गढूळ होतं. ८-१० तासांनी बंद करून पूर्ण गार होऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. अशा काही फेऱ्यांनंतर मेण बहुधा मोकळं वाहू लागतं. घाई म्हणून गॅसवर मात्र कधीही तापवू नका. काच फुटली तर जिवावर बेतेल.