प्रतिजैविक प्रतिरोधाची आकडेवारी ठेवताना या चुका टाळा

‘आमच्याकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालतच नाही,’ असं एखाद्या प्रतिजैविकाबद्दल तालुक्याचे डॉक्टर सांगतात, तेव्हा आधी नमुने कुणाचे होते ते पाहा. मेळघाटातला किंवा गडचिरोलीतला रुग्ण कल्चरपर्यंत (नमुन्यातला जीवाणू वाढवून करायच्या तपासणीपर्यंत) पोचतो तो बहुतेकदा गावातली इंजेक्शनं, मेडिकलवरच्या गोळ्या सगळं करून. अशाच रुग्णांच्या लघवीवरून काढलेली टक्केवारी अख्ख्या तालुक्याची म्हणून सांगू नये. फॉर्मवरचा ‘आधी घेतलेली औषधं’ हा रकाना कृपा करून रिकामा सोडू नका.

सर्वांत जास्त घोळ मोजणीत होतो. समजा, ई. कोलाय या जीवाणूचे 40 रुग्ण, त्यांपैकी 8 जणांचा जीवाणू रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा), म्हणजे 20 टक्के. त्या आठांतल्या एकाचेच आणखी 5 नमुने आले आणि सगळे धरले, की 45 पैकी 13, जवळपास 29 टक्के! म्हणून एका रुग्णाचा, त्या जीवाणूचा, वर्षातला पहिलाच नमुना धरायचा. व्होनेट हे मोफत सॉफ्टवेअर ही गाळणी स्वतः करतं, पण रुग्णाचा क्रमांक तोच असेल तरच. दर खेपेला नवा केसपेपर, नवा नंबर, की त्याला तो नवाच माणूस वाटतो. नोंदणी खिडकीशी बोलून एवढं आधी सुधारा. एखाद्या जीवाणूचे 30 रुग्णही नसतील तर टक्केवारी काढू नका; दोन वर्षांचे आकडे एकत्र करा.

नुसतं ‘एस’ (सेन्सिटिव्ह, औषधाला दाद देणारा) किंवा ‘आर’ (रेझिस्टंट) लिहू नका, झोन, म्हणजे औषधाच्या डिस्कभोवती जीवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये नोंदवा. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा 21 मिमी झोन पूर्वी सेन्सिटिव्ह होता. 2019 मध्ये सीएलएसआय या निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने निकष बदलले आणि तोच झोन रेझिस्टंट ठरला. मिलिमीटर नसतील तर आलेखातली उडी जीवाणूंची की निकषांची, हे कधीच कळणार नाही.

मे महिन्यात एकाएकी सगळंच रेझिस्टंट दिसू लागलं तर फ्रिज तपासा. चंद्रपूरच्या उन्हात वीज गेली की डिस्कची ताकद उतरते, झोन लहान येतो. एटीसीसी 25922 हा कंट्रोल (चाचणी बरोबर होते का ते पाहायचा ठरावीक ई. कोलाय) मर्यादेबाहेर गेला असेल तर त्या दिवसाचे निकाल नोंदवू नका.

क्लेबसिएला हा जीवाणू अ‍ॅम्पिसिलिनला सेन्सिटिव्ह आला? जीवाणूची ओळख पुन्हा करा. त्याचा हा प्रतिरोध उपजतच असतो. आणि कोलिस्टिन हे प्रतिजैविक डिस्कने तपासूच नका, तो निकाल भरवशाचा नसतो.