राज्याच्या इतिहास-भूगोलाचा प्रकल्प कसा करायचा: खान्देशातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

'आपल्या राज्याचा इतिहास व भूगोल' असा प्रकल्प शाळेतून मिळाला की बहुतेक घरात एकच होतं. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तयार कागद येतात, मोबाईलवर जे पहिलं दिसेल ते उतरवून काढतात, शिवनेरी, गेटवे, अजिंठा चिकटवलं की फाईल जमा. मार्क मिळतातही, पण पोरगं धुळ्यात वाढलेलं असून लळिंगचा किल्ला तिथेच का बांधला हे त्याला सांगता येत नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण इतिहास आणि भूगोल एकमेकांत कसे गुंतलेत हे बघायला तापीचं खोरं म्हणजे अगदी उघडं पुस्तक आहे. तर हा प्रकल्प नीट कसा करायचा ते सांगतो. आठवी-नववीच्या मुलांना धरून लिहितोय, अकरावीवाल्यांनी थोडं खोल जावं.

पहिली पायरी: विषय नको, प्रश्न घ्या

'महाराष्ट्र' हा विषय एका फाईलीत मावत नाही. ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचं राज्य, ३६ जिल्हे, सगळं घ्यायला गेलात तर प्रत्येक गोष्टीच्या दोन-दोन ओळी होतात आणि त्या दोन ओळी सगळ्यांच्या सारख्याच असतात. म्हणून राज्याची मूळ माहिती एका पानात उरकून टाका: १ मे १९६० ला स्थापना, कळसूबाई १६४६ मीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ कोटी २३ लाख, कोकण-पश्चिम महाराष्ट्र-खान्देश-मराठवाडा-विदर्भ असे विभाग, बस. बाकी सगळी फाईल एका प्रश्नाला द्या.

प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर नुसत्या नकाशाने मिळणार नाही आणि नुसत्या सनावळीनेही नाही. माझा आवडता प्रश्न थाळनेरचा. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं हे गाव चौदाव्या शतकाच्या शेवटी खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचं मुख्य ठाणं होतं, त्या घराण्याच्या कबरी आजही तिथे आहेत, नदीच्या अंगाला किल्ल्याचे अवशेष आहेत, मग ते आज भुसावळ-जळगावसारखं शहर का नाही? आता बघा, या एका प्रश्नात किती काय येतं. सुरत-बुऱ्हाणपूरचा जुना व्यापारी मार्ग येतो, नदी कुठे ओलांडता येते हे येतं, मग राजधानी बुऱ्हाणपूरला गेली ते येतं, १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि भुसावळचं जंक्शन झालं ते येतं, आणि मुंबई-आग्रा रस्ता थाळनेर बाजूला ठेवून सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडतो तेही येतं. शिरपूर तालुक्यात आजही रेल्वे नाही. ही सगळी कारणं जुळवून लिहिली तर तो झाला अभ्यास.

प्रश्न आपल्या तालुक्याचाच घ्या म्हणजे जाऊन बघता येतं. साक्री-धुळ्याकडचे असाल तर पांझरेवरची फड पद्धत घ्या: नदीवर ओळीने बंधारे, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. काही शतकं लोकांनी लोकांचं पाणी वाटलं, हा इतिहास पण आहे आणि भूगोल पण. नवापूरवाल्यांना तर स्टेशनच पुरे, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, तिथून 'राज्याची हद्द कशी ठरते' हा प्रश्न घ्या आणि १९६० ला पश्चिम खान्देशातली काही गावं गुजरातेत गेली तिथपर्यंत पोचा. रावेर-यावलवाल्यांनी केळी घ्यावी, पण 'केळीची माहिती' नको, 'केळी सातपुड्याच्या पायथ्यालाच एवढी का झाली आणि आता विहिरींचं पाणी खोल का चाललं' असं घ्या.

दुसरी पायरी: लिहायच्या आधी नकाशा

इथे घाई करू नका, माझ्या मते निम्मा प्रकल्प इथेच होतो. तयार छापील नकाशा चिकटवू नका. ट्रेसिंग पेपर घ्या, अ‍ॅटलासवर ठेवा आणि आधी फक्त डोंगर आणि पाणी काढा. वर उत्तरेला सातपुडा, खाली दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधून पश्चिमेकडे जाणारी तापी. ती मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. गोदावरी-कृष्णा पूर्वेकडे जातात, ही उलटी जाते, कारण ती खचदरीतून (जमीन खचून झालेल्या लांबट दरीतून) वाहते, हे वाक्य फाईलीत पाहिजेच. मग उपनद्या. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई येतात. सातपुड्याकडून सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई येतात, त्या आखूड आहेत, आणि का आखूड ते तुमच्या नकाशातच दिसेल कारण तापी सातपुड्याला जवळ आहे.

हे झालं की दुसरा ट्रेसिंग पेपर त्याच्यावर ठेवा आणि त्यावर फक्त किल्ले आणि जुनी गावं टाका. लळिंग, सोनगीर, थाळनेर, पारोळा, आणि हद्दीपलीकडचे अशीरगड-बुऱ्हाणपूर. तिसऱ्यावर रस्ते आणि रेल्वे. तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा आणि बघत बसा. धुळ्याहून मुंबईकडे निघालं की घाटातच लळिंग, इंदूरकडे निघालं की सोनगीर, दोन्ही आग्रा रोडच्या कडेला, म्हणजे रस्ता आधी आणि त्याच्यावर नजर ठेवायला किल्ला. सातपुड्यात बुऱ्हाणपूरजवळ जी खिंड आहे तिथून उत्तरेचं सैन्य दक्षिणेत उतरायचं आणि त्या वाटेवर अशीरगड बसलाय, म्हणूनच त्याला दख्खनचा दरवाजा म्हणतात आणि म्हणूनच अकबराला १६०१ ला तो घेतल्याशिवाय खान्देश हाती आला असं म्हणता आलं नाही. हे मुलाने स्वतः कागदावर बघितलं की परत पाठ करावं लागत नाही.

जमलं तर एक काटछेद पण काढा. रावेर तालुक्यातल्या पाल गावापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत सरळ उत्तर-दक्षिण रेघ मारा आणि त्या रेघेवर काय काय लागतं ते लिहीत जा: सातपुड्याचं जंगल, पायथ्याची केळी, तापीकाठची गाळाची जमीन, मग कपाशीची काळी माती, मग मुरमाड माळ आणि डोंगर. एका पानात भूगोल होतो.

तिसरी पायरी: सनावळी कमी, जोडणी जास्त

खान्देशाचा इतिहास लिहायला घेतला तर संपणार नाही, आणि इथेच मुलं अडकतात, सगळंच घालायचं असतं. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे तुकडे उत्खननात सापडले, त्यावर कोरीव रेघा आहेत. त्याच पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख मिळाला. १८१८ ला इंग्रज आले, १९०६ ला खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले, १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. यातलं प्रत्येक महत्त्वाचं आहे, पण तुमच्या प्रश्नाला जे लागतं तेच आत घ्या, बाकी शेवटी एका कालपट्टीत टाका.

आणि प्रत्येक सनाला 'इथेच का' असं विचारा. खाज्या नाईकचं उदाहरण घ्या. १८५७ च्या उठावात सातपुड्यातल्या भिल्लांचं नेतृत्व करणारा हा माणूस त्याआधी सेंधव्याच्या घाटातल्या रस्त्याची राखण करायचा, म्हणजे जो आग्रा रोड तुम्ही तिसऱ्या ट्रेसिंगवर काढला त्याचाच तो तुकडा, घाटाची वाट न् वाट त्याला माहीत. एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली ती त्याच डोंगरात.

राज्याशी जोड पण इथेच दाखवायची. खान्देश मुंबई इलाख्यात होता, मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात सगळे एकत्र आले आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. बुऱ्हाणपूर आणि अशीरगड मात्र जुन्या खान्देशाचे असून आज मध्य प्रदेशात आहेत, म्हणून जुना खान्देश आणि आजचे तीन जिल्हे (जळगाव, धुळे, नंदुरबार) असे दोन रंगात नकाशे काढा.

चौथी पायरी: माहिती कुठून आणायची

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा (जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथाचा) खान्देश खंड १८८० सालचा आहे, राज्य सरकारने जुनी गॅझेटिअर ऑनलाइन टाकलीत, इंग्रजी जुनं आहे पण गावांच्या यादीत आपलं गाव शोधायला काही अडत नाही, घरातल्या मोठ्यांनी सोबत बसावं. फक्त लक्षात ठेवा, ते इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहिलंय, भिल्लांबद्दल, गावगाड्याबद्दल त्यात जे शेरे आहेत ते जसेच्या तसे खरे म्हणून उतरवायचे नाहीत. लोकसंख्या, पाण्याची सोय, शेती यासाठी २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका बघा, गावनिहाय आकडे असतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला धुळ्यातच वारले आणि त्यांच्यामागे १९२७ ला ही संस्था उभी राहिली, जुनी कागदपत्रं आणि मूर्ती बघायला मिळतात. शाळेचं पत्र घेऊन जा, आधी फोन करून वेळ विचारा.

जुनी नावं सांभाळा. पुस्तकात पूर्व खानदेश दिसलं की आजचा जळगाव, एदलाबाद म्हणजे मुक्ताईनगर. आणि आकडा दिसला की तो कोणत्या सालचा ते बाजूला लिहा, कारण कुठे ३५ जिल्हे लिहिलेलं असतं ते पालघर व्हायच्या, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं असतं. समुद्रकिनारा पण जुन्या पुस्तकात ७२० किलोमीटर आणि नव्या मोजणीत त्याहून बराच जास्त, दोन्ही लिहा आणि वळणं-खाड्या बारकाईने मोजल्या की लांबी वाढते हे एका ओळीत सांगा.

पाचवी पायरी: माणसांशी बोला

ही पायरी कोणी करत नाही आणि हीच फाईल वेगळी करते. 'आजी, पूर्वी कसं होतं?' असं विचारलं तर 'चांगलं होतं बेटा' एवढंच मिळतं. विचारायचं असं की उत्तरात वस्तू आली पाहिजे. तुमच्या लग्नाला वऱ्हाड कशाने आलं? तेव्हा नदीवर पूल होता का, नसेल तर पावसाळ्यात पलीकडे कसं जायचे? कपाशी विकायला कोणत्या गावी न्यायचे, गाडीला किती वेळ लागायचा? विहिरीला पाणी किती हातावर होतं? आजी अहिराणी बोलत असेल तर अहिराणीतच विचारा, 'माय, तुमना येळले नदी कशी व्हती?' असं म्हटलं की बोलणं आपोआप सैल होतं, आणि उत्तर पण अहिराणीतच लिहून खाली मराठीत अर्थ द्या.

जुन्या माणसांना साल आठवत नाही, पण बहात्तरचा दुष्काळ आठवतो. म्हणून 'हे बहात्तरच्या आधीचं की नंतरचं?' असं विचारून घ्या, मग 'तेव्हा मोठा पोरगा चालायला लागला होता' असं काही निघतं आणि साल जवळजवळ बसतं. दुष्काळी कामावरची खडी, सुकडी (तिथे वाटायचे तो पौष्टिक खाऊ), मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकर हे पण त्यातच निघेल, ते लिहून घ्या, ते राज्याच्याच इतिहासातलं आहे. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा, नाव छापू का हेही विचारा. आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासा. जुळलं नाही तर दोन्ही लिहा, 'असं सांगतात' म्हणून लिहा.

सहावी पायरी: फाईल

प्रश्न, नकाशे, काय सापडलं, लोक काय म्हणाले, तुमचं उत्तर, या क्रमाने वीस-बावीस पानं भरपूर झाली. सजावटीवर वेळ घालवू नका, मखमली कागद आणि चमकी नसली तरी चालते. फोटो स्वतः काढलेला असेल तर खाली ठिकाण आणि तारीख लिहा, किल्ल्याचा फोटो काढताना पाठीमागची नदी किंवा रस्ता फ्रेममध्ये घ्या म्हणजे जागा का निवडली ते दिसतं. थाळनेरला नदीच्या बाजूने अवशेषांवर चढू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही, आणि घरचं कोणीतरी सोबत पाहिजे. वाक्यं आपल्याच भाषेत लिहा, उतरवलेलं वाक्य सरांना लगेच कळतं.

तोंडी परीक्षेला फाईल न उघडता फक्त तिन्ही ट्रेसिंग पेपर घेऊन उभं राहता आलं पाहिजे. घरी तशी तयारी करा, भाऊ-बहिणीला नकाशावर कुठेही बोट ठेवायला सांगा, समजा बोट गिरणा-तापीच्या संगमावर पडलं तर तिथे पाणी कुठून येतं, जवळचं जुनं गाव कोणतं, रस्ता कुठून गेलाय, एवढं न अडखळता सांगता यायला हवं. जिथे अडलात ते पान रात्री पुन्हा वाचायचं.